साळेबुवांचं प्रकरण: रात्रीची लाईन, हरभऱ्याचं ओलीत आणि बीजीएमआय

बीजीएमआय हा मोबाइलवरचा बंदुकांचा खेळ: शंभर जण एका बेटावर उड्या मारून उतरतात, सुरक्षित वर्तुळ लहान होत जातं, आणि शेवटी जिवंत उरेल तो जिंकतो. खेळाडू माझा साळा. वय 36, सात एकर वावर, त्यातलं अडीच एकर रब्बीत हरभऱ्याखाली. फोन चार जीबी रॅमचा, दोन वर्षं वापरलेला, एका कोपऱ्यात काच तडकलेली. आधी खेळलेले गेम: जुन्या बटणाच्या फोनवरचा साप, बस्स. तक्रार एकच: "भाऊजी, वीस दिवस झाले खेळून रायलो, पण हाय तिथंच हावो. कोन मारते तेच समजत नाई."

माझं दारव्ह्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. पब्जी मोबाइल 2018 मध्ये आला तेव्हापासून या खेळाची चढउतार मी काउंटरच्या आतून पाहिली आहे. 2 सप्टेंबर 2020 ला बंदी आली तेव्हा पोट्टे सुतक असल्यासारखे दुकानासमोर उभे होते. 2 जुलै 2021 ला तोच खेळ बीजीएमआय या नावाने परत आला. जुलै 2022 मध्ये पुन्हा प्ले स्टोअरवरून गेला. मे 2023 मध्ये आला तो 18 वर्षांखालच्यांना दिवसाला 3 तास आणि मोठ्यांना 6 तास अशी वेळेची मर्यादा घेऊनच. या सगळ्या काळात आमच्या साळेबुवांनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मागच्या रब्बीत पाहिलं, आणि तेही विजेमुळे.

त्यांच्या फीडरवर कृषिपंपाची लाईन एक आठवडा दिवसा असते, एक आठवडा रात्री. रात्रीचा आठवडा आला की माणूस स्वेटर, कानटोपी आणि चहाचा थर्मास घेऊन विहिरीवर. हरभऱ्याला तुषार संच लावला की तीन-एक तासांनी पाइप उचलून पुढच्या पट्ट्यात न्यायचे, तोवर डोळा लागू द्यायचा नाही. मोटर बंद पडली तर पाहायचं, रानडुकरं शिरली तर हाकलायची. झोप येऊ नये म्हणून माझ्या मुलाने साळेबुवांच्या फोनमध्ये हा गेम टाकून दिला. मुलगा सोळा वर्षांचा, मामाचा लाडका, आणि या प्रकरणातला दुसरा डॉक्टर. त्याचे अर्धे इलाज चुकले. माझे त्याहून जास्त.

पहिले काही दिवस: खोटी प्रगती

सुरुवातीला साळेबुवा जाम खुशीत होते. दुसऱ्याच रात्री सहा जण मारले, मला पहाटे पाच वाजता स्क्रीनशॉट पाठवला. नवीन खेळाडूला इथेच चकवा लागतो. खालच्या पायरीवर, म्हणजे ब्राँझ-सिल्व्हरमध्ये, समोरचे बरेच जण बॉट असतात, म्हणजे माणसं नाहीत, कॉम्प्युटरच चालवतो ते. बॉट सरळ रेषेत चालत येतो, मधेच उभा राहतो, दोन-चार गोळ्या इकडेतिकडे मारतो. त्याला मारून काही शिकायला मिळत नाही, फक्त पॉइंट वाढतात. पॉइंट वाढले की खेळाडू वर सरकतो आणि एके दिवशी समोर खरी माणसं येतात. तेव्हा त्याला वाटतं आपला हात बिघडला. हात होता तसाच असतो.

साळेबुवांचं गोल्डमध्ये जाताच हेच झालं. दोन मिनिटांत खेळ आटपायला लागला. त्यात मुलाने त्यांना सवय लावली होती पोचिंकीत उतरायची. पोचिंकी म्हणजे इरांगेल नकाशाच्या मध्यावरचं गाव, ज्याला त्याला तिथेच उडी मारायची असते. मी त्यांना हिशेब सांगितला: इरांगेल आठ बाय आठ किलोमीटर, म्हणजे समुद्र धरून जवळजवळ सोळा हजार एकर. माणसं शंभर. डोकशी दीडशे एकर येते. एवढं शिवार मोकळं पडलेलं असताना तुम्ही बाजाराच्या दिवशी चौकातच का उभे राहता? हे त्यांना पटकन कळलं. कडेकडेची दोन-चार घरं धरून उतरायला लागले आणि निदान दहा मिनिटं जिवंत राहू लागले.

माझी आणि मुलाची पहिली चूक

आता मी जे केलं ते प्रत्येक जण करतो. खेळाडू हरतो, मग नेम कच्चा असेल. मुलाने इंटरनेटवरून कोणा मोठ्या खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी कोड (अंगठा किंवा फोन किती हलला की नेम किती हलावा त्याचे आकडे) आणला आणि मामाच्या फोनमध्ये टाकला. मी म्हटलं, ट्रेनिंग ग्राउंडमध्ये रोज अर्धा तास भिंतीवर गोळ्या मारा. जायरोस्कोप चालू करा, फोन हलवून नेम धरा, सगळे असंच खेळतात.

आठ दिवस गेले. नवव्या दिवशी साळेबुवा म्हणाले, "भाऊजी, मी फोन पाखडल्यावानी हालवून रायलो, पन बंदूक हालतच नाई." फोन हातात घेऊन सेन्सर तपासले. त्या फोनमध्ये जायरोस्कोपच नव्हता. स्वस्तातल्या कित्येक फोनमध्ये नसतो, आणि फोन दुरुस्त करून पोट भरणाऱ्या माणसाला हे आधी सुचायला हवं होतं. त्या कोडमधले निम्मे आकडे जायरोचे होते, म्हणजे शून्य उपयोगाचे. उरलेले दुसऱ्याच्या फोनसाठी, दुसऱ्याच्या अंगठ्यासाठी बसवलेले.

कोड काढून टाकला. मग जे आधी करायचं ते केलं. ग्राफिक्स एचडीवर ठेवलं होतं, गवत छान दिसतं म्हणून. ते स्मूथवर आणलं. फ्रेम रेट हायवर होता, म्हणजे सेकंदाला 30 चित्रं. स्मूथ केल्यावर त्या फोनने अल्ट्रापर्यंत परवानगी दिली, म्हणजे 40. दहा चित्रांनी काय होतं असं वाटेल, पण कोपऱ्यावरून पळणारा माणूस तुटक दिसण्याऐवजी सलग दिसू लागतो. बॅटरी सेव्हर बंद, जाड कव्हर काढलं, व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड होणं बंद.

नेटवर्कची गंमत वेगळी. घरात टिनाखाली बसून खेळलं की पिंग (फोनचा निरोप गेमच्या सर्व्हरला जाऊन परत यायला लागणारा वेळ) 180 मिलिसेकंदांच्या वर, म्हणजे आमच्या शकुंतलेची चाल. (यवतमाळ-मूर्तिजापूर नॅरोगेजवर जे बसले त्यांना सांगायला नको. गाडीतून उतरून माणूस बोरं तोडून परत चढायचा.) पिंग एवढा असला की आपण भिंतीआड गेलो असं आपल्याला वाटतं, समोरच्याच्या फोनवर मात्र आपण अजून उघड्यावरच असतो. वावरात विहिरीच्या मातीच्या ढिगावर बसलं की तोच पिंग 50-60. टॉवर त्या अंगाला आहे. मग ढिगावर पोतं अंथरलं, तीच बैठक. फोन फोर-जी फाइव्ह-जीमध्ये उड्या मारत होता, तो फोर-जीवर बांधून टाकला.

इतकं करूनही खेळ फार सुधारला नाही.

दुधाची वही

वहीची कल्पना माझी नाही, साळ्याच्या बायकोची. ती दुधाचा हिशेब ठेवते. रोज सकाळी "मेलो, मेलो" ऐकून वैतागली आणि म्हणाली, "मग लिहून ठेवत जा न, कायनं मेले ते. माही म्हैस आटली तं मी बी लिहून ठेवतो, काहून आटली थे." साळेबुवांनी खरोखरच दुधाच्या वहीची मागची पानं घेतली. मी सांगितलं एवढंच की "नशीब", "चिटर होता", "लॅग" हे शब्द लिहायचे नाहीत. पिंग लाल होता तर आकडा लिहायचा.

अकरा रात्रींत 31 नोंदी झाल्या. ती वही एका रविवारी दुकानात आली. अक्षर थंडीने आखडलेलं, दोन पानांवर चहाचा गोल डाग. मी काउंटरवर बसून त्यांच्या चार वाटण्या केल्या.

नऊ वेळा लिहिलं होतं, "मोकळ्या वावरात." नकाशावरचं पांढरं वर्तुळ, म्हणजे पुढची सुरक्षित जागा, दूर पडलं की साळेबुवा सरळ धुऱ्याने निघाल्यासारखे मधून पळत सुटायचे. पळताना कॅमेरा पायाकडे, कारण शेतकरी माणूस पाय कुठे पडतो ते पाहून चालतो. सापाची सवय. खेळात नजर समोर आणि बंदुकीची खूण माणसाच्या डोक्याच्या उंचीला ठेवून चालायचं असतं, म्हणजे कोणी दिसला तर अंगठा थोडाच हलवावा लागतो. मुलाने एकच नियम दिला: "मामा, पळायच्या आधी ठरव का पुढचं झाड कोनतं. झाड नाई दिसत तं पळू नको." या झाडापासून त्या दगडापर्यंत, दगडापासून त्या भिंतीपर्यंत. आणि वर्तुळ लहान व्हायला लागल्यावर नाही, त्याच्या आधी निघायचं.

सात वेळा, "पेटी पाहता पाहता." मेलेल्याच्या पेटीतून सामान काढताना. याचं मला हसू आलं, कारण हा कापूस वेचणाऱ्याचा हात आहे. बोंडात एक पाकळी राहिली तरी त्याला चैन पडत नाही. त्यांच्या पिशवीत आठ-आठ स्कोप (बंदुकीवर लावायच्या दुर्बिणी) निघायचे, दोन बंदुकांना. पेटीवर उभं राहून यादी वाचत बसलेला माणूस म्हणजे खुंटीला टांगलेला सदरा, कोणीही काढून न्यावा. ठरवलं की पेटीजवळ जायचं ते गोळ्या, मलमपट्टी आणि आपल्यापेक्षा चांगलं चिलखत यांच्यासाठीच, आणि आधी आजूबाजूचं एक मिनिट ऐकून.

चार वेळा, "गोळ्या भरता भरता." एम फोर वन सिक्स या बंदुकीच्या मॅगझिनमध्ये 30 गोळ्या. सहा उडवल्या की लगेच भरायच्या, ही नवख्याची हाताची खाज. समोरचा नेमका त्या दोन-अडीच सेकंदांत येतो. भिंतीआड गेल्याशिवाय भरायचं नाही, एवढंच.

या तिन्हींवर पुढच्या रात्रीच्या आठवड्यात फरक दिसला. नेमासाठी वेगळा वेळ काढायचा तर टीम डेथमॅच खेळा, म्हणालो: चारास चार, 40 बळी आधी करेल तो जिंकला, मेलं की लगेच परत उभं. पाइप बदलायला वीस मिनिटं राहिली असतील तेव्हा एवढाच वेळ असतो. तिथे मी त्यांना फक्त दोन गोष्टी करायला लावल्या. लांबच्यावर एका दमात सगळ्या गोळ्या न सोडता तीन-चार, तीन-चार करून मारायच्या आणि अंगठ्याने नेम खाली ओढत राहायचं, कारण बंदुकीचं तोंड वर उचलतं. आणि आडोशाच्या उजव्या बाजूने डोकवायचं. या खेळात कॅमेरा खेळाडूच्या उजव्या खांद्यामागे असतो, त्यामुळे उजवीकडून डोकावलं तर अंग थोडं दिसतं आणि आपल्याला पुष्कळ दिसतं. डावीकडून उलटं.

पण चौथी वाटणी राहिलीच. सगळ्यांत मोठी, अकरा नोंदी. "मागून." "मागून." "पाय वाजले, वळलो, मागून." "गाडीचा आवाज, वळलो, मागूनच."

मागून

मी या अकरा नोंदींना पंधरा दिवस एकच उत्तर देत होतो: हेडफोनमध्ये नीट ऐका, घाई करू नका. मुलगा म्हणायचा मामाचं वय झालं. साळेबुवा मान हलवायचे. एका शनिवारी मी त्यांच्यासोबत जागलीला गेलो. डिसेंबर संपत आला होता, अंगावर घोंगडं घेऊनही थंडी हाडात शिरत होती. तुषारचं चटचट चालू होतं. आम्ही दोघे पोत्यावर, त्यांचा गेम चालू, मी नुसता बघत. अचानक त्यांनी एका कानातला इअरफोन काढला आणि म्हणाले, "खालच्या धुऱ्यावर हाय. तीन-चार असतील. एक मोठं हाय." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. बॅटरी घेऊन गेलो तर खरंच खालच्या धुऱ्यावर डुकरं, हरभऱ्याचा एक पट्टा उकरायला घेतलेला. आरडाओरडा केला, गेली.

परत येऊन बसलो आणि मला ते खटकलं. अंधारात, तुषारच्या आवाजातून, दोनशे फुटांवरचं डुक्कर कोणत्या अंगाला आहे आणि किती आहेत हे ज्याला कळतं, त्याला कानात वाजणारे पाय कळत नाहीत?

म्हटलं, आता एक मॅच खेळा, आवाज आला की वळू नका, फक्त हाताने दाखवा कुठून आला. घरात शिरून कोपऱ्यात बसले. थोड्या वेळाने पाय वाजले असावेत, त्यांनी डावा हात केला. मी नकाशाच्या लहान चौकोनात पाहिलं, कारण जवळचे पाय तिथे खुणेने दिसतात. खूण उजवीकडे होती. दुसऱ्यांदा गोळीबार. त्यांनी उजवीकडे दाखवलं, खूण डावीकडे. तिसऱ्यांदा तेच.

इअरफोन काढून घेतला. पिन बदललेली होती. काळी, स्वस्तातली, स्क्रूची. तशा पिना मी डझनाने आणतो. दसऱ्याच्या आधी त्यांच्या इअरफोनची पिन तुटली होती आणि ती मीच टाकली होती.

ज्यांनी हे काम केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. इअरफोनच्या वायरमध्ये केसासारख्या तारा असतात, वर रंगाचा लेप. लाल बहुतेक वेळा उजव्या कानाची, हिरवी किंवा निळी डाव्याची, तांब्याच्या रंगाची दोघांची मिळून. लेप सोल्डरिंगच्या टोकाने जाळावा लागतो, नाहीतर टाका धरत नाही. पिनेच्या टोकाला डावा कान, त्याच्या मागच्या कड्याला उजवा. त्या दिवशी मी लेप जाळला आणि जळलेल्या दोन तारा एकमेकींच्या जागी टाकल्या. मग तपासलं कसं? गाणं लावलं. दोन्ही कानांत वाजलं. दिलं. गाण्यात उजवं-डावं उलटलं तर कोणाच्या बापाला कळणार? फोनवर बोलताना तर दोन्हीकडे एकच आवाज.

म्हणजे साळेबुवा पहिल्या रात्रीपासून बरोबर ऐकत होते आणि बरोबर वळत होते, आवाज जिथून आला त्या कानाकडे. शत्रू दुसऱ्या अंगाला. अकराच्या अकरा वेळा माझा टाका आडवा आला होता.

मी तिथेच बॅटरीच्या उजेडात सांगून टाकलं. ते काही बोलले नाहीत. इअरफोन उलटे घातले, डावा उजव्यात, म्हणाले, "चाला, पाइप बदलू." पाइप उचलताना मात्र एकदम हसायला लागले ते थांबेनातच. "तुमच्या पोराले सांगतो, माहं वय नाई झालं, तुह्या बापाचं झालं."

दुसऱ्या दिवशी दुकानात पिन उघडून टाका बदलला. ब्लूटूथवाला घ्या असं मुलगा म्हणत होता, मी नको म्हटलं. साध्या ब्लूटूथ इअरफोनमध्ये आवाज थोडा उशिराच पोचतो, गाण्याला चालतं, या खेळाला नाही.

नंतर

यानंतर लगेच सुधारणा झाली असं लिहायला आवडलं असतं. उलट पुढचे चार-पाच दिवस खेळ आणखी बिघडला. कारण महिनाभर मागून मार खाल्ल्यावर साळेबुवांच्या अंगठ्याने आपोआप एक उपाय शोधला होता: आवाज आला की कधी कधी मुद्दाम उलट्या अंगाला वळायचं. त्यांना स्वतःलाही हे ठाऊक नव्हतं. आता टाका बरोबर, पण अंगठा अजून जुन्या वळणाचा. ती सवय मोडायला मी त्यांना बंदूक उचलूच दिली नाही. दोन रात्री नुसतं कडेच्या घरात बसायचं, आवाज ऐकायचा, वळायचं, पाहायचं, मेलं तर मेलं. कंटाळवाणं काम आहे, पण ज्याने आयुष्यभर जागल केली त्याला बसून ऐकायचा कंटाळा येत नाही. मुलाला हे दहा मिनिटं जमलं नसतं.

आणखी एक अडचण आली ती टोळीत खेळताना. मुलगा, त्याचे दोन मित्र आणि मामा असे चौघे शनिवारी खेळू लागले. साळेबुवांना आता सगळ्यांच्या आधी ऐकू यायचं आणि ते ओरडायचे, "तिकून आला, तिकून!" तिकून म्हणजे कुठून? प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला. पडद्याच्या वर होकायंत्राची पट्टी असते, त्यातला आकडा सांगायचा असतो. आकडे त्यांच्या तोंडी बसेनात. शेवटी पोरांनीच तडजोड केली. मामा उगवतीकडे म्हणाला की 90, मावळतीकडे म्हणाला की 270. "उगवतीच्या जरा वरत्या अंगाले, दोघं" म्हणजे साधारण 70, दोन माणसं. अडीच एकरात दिशा न चुकणारा माणूस पडद्यावरही चुकत नाही, एकदा पट्टीकडे बघायची आठवण राहिली की.

नेम त्यांचा आजही बेताचाच. लांबचा माणूस मारायचा तर मुलाला हाक मारतात. सहापटीचा स्कोप हातात आला की अजून गोंधळतात, म्हणून लाल ठिपका नाहीतर तिप्पटच लावतात. वही मात्र चालू आहे. फेब्रुवारीतल्या एका आठवड्यात 14 नोंदी होत्या, त्यात "मागून" दोनदा. "पेटी" अजून तीनदा आहे. पूर्ण सुटेल असं मला वाटत नाही, वेचणीचा हात आहे तो.

त्या पानावरची शेवटची नोंद मी मुलाला दाखवली, कारण त्या रात्री शेवटच्या वर्तुळात पोचून टोळी दुसरी आली होती आणि तो दोन दिवस मामावर रुसला होता. मामा मधेच गप्प झाला, दगडाआड पालथा पडलेला कोणीतरी येऊन मारून गेला, हाका मारल्या तरी उत्तर नाही. वहीत लिहिलं होतं: "खालच्या धुऱ्यावर डुकरं. फोन पोत्यावर ठेवून गेलो. मेलो."